मुदत उलटलेल्या बिया

प्रश्न: टोमॅटो, मिरची, कांदा आणि घेवड्याच्या बियांची ३ वर्षांपूर्वीची पाकिटं सापडली. मुदत संपली आहे. पेरू की टाकून देऊ?

उत्तर: आधी चाचणी घ्या. टोमॅटोचं बी कोरड्या, थंड जागी ४-५ वर्षं तग धरतं, घेवडा ३, मिरची २-३. कांद्याचं मात्र वर्ष-दोन वर्षांतच जातं, त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

कागदी नॅपकीन भिजवून घट्ट पिळा. चिमटीत दाबल्यावर थेंब पडला तर तो जास्त ओला आहे. अशा कागदात बियांना हवा मिळत नाही आणि त्या कुजतात. प्रत्येक वाणाच्या १० बिया सुट्या मांडा, गुंडाळी पिशवीत घाला, वर नाव-तारीख लिहा आणि साधारण २५ अंशांच्या उबेत ठेवा. तिसऱ्या दिवसापासून रोज उघडून बघा. बाकीच्यांना १० दिवस पुरतात, मिरचीला १४ द्या. बुरशी धरलेलं, बोटाने दाबताच पिचकणारं बी मेलेलं समजा.

दहातल्या ८ उगवल्या तर नेहमीसारखं पेरा. ५ उगवल्या तर दुप्पट. ३ किंवा कमी असतील तर नवं पाकीट आणा, कारण उगवलेली रोपंही बहुधा मरतुकडीच निघतात. जुन्या बीला जोर कमी असतो, म्हणून थेट वाफ्यात न पेरता ट्रेमध्ये उथळ पेरा. मोड आलेल्या बिया फुकट घालवू नका. मूळ कागदात रुतण्याआधीच, मुळाला हात न लावता लावून टाका.

प्रश्न: घेवडा रात्रभर भिजवला तर लवकर उगवेल ना?

उत्तर: जुना असेल तर मुळीच भिजवू नका. वाळलेल्या जुन्या बीने एकदम पाणी ओढलं की आतल्या पेशींची नाजूक पटलं फाटतात, रस बाहेर झिरपतो, पाणी गढूळ होतं आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. ओलसर कागदात ते सावकाश फुगू द्या. तरंगलेलं बी वाईट, बुडालेलं चांगलं, या परीक्षेवरही विसंबू नका.

प्रश्न: मेथी, मोहरी, मुळ्याचं बरंच जुनं बी उरलंय. त्याचं काय करू?

उत्तर: रिकाम्या वाफ्यात दाट फेका आणि फुलं यायच्या आत कापून मातीत गाडा, हिरवळीचं खत होईल. साध्या बियांची कोवळी रोपं कापून खाताही येतात. गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग चढवलेल्या बियांना मात्र औषध चोळलेलं असतं. त्या खाऊ नका, पाखरांनाही घालू नका.