आधी घरातली ट्रंक उघड

कोलाजमध्ये, म्हणजे कागद, कापड, फोटो चिकटवून केलेल्या चित्रात, स्वतःची ओळख दाखवायची म्हणून लगेच पैठणी आणि वेरूळ चिकटवू नकोस, ते सगळ्यांचंच आहे. तुझ्या घरचं काय? वाकळेचा तुकडा, जुना सातबारा, १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला गेली असेल तर ती आठवण. पण तिची गोष्ट कुठवर सांगायची, हे तिलाच विचार.

मूळ फोटो, कागद कधीच वापरू नकोस. लेझर झेरॉक्स काढ, इंकजेटची शाई ओल्या फेविकॉलनं पसरते. कॅनव्हासपेक्षा प्लायवूड बरं, वजन पेलतं.

आपली काळी माती वस्त्रगाळ करून फेविकॉलमध्ये कालव, पातळ थर दे. वाळताना ती आकसते, जाड थर तडकतो. भेगाच हव्या असतील तर मुद्दाम जाड लाव. मला त्या फार आवडतात.