नागपूरजवळची वडिलोपार्जित जमीन निसर्गसंस्थेला दान केली तर आयकराच्या ८०जी कलमाखाली देणगीची सूट मिळते का?

प्रश्न: कुही तालुक्यात आमची चार एकर जमीन आहे. बरीच वर्षं वाहिलेली नाही, त्यामुळे मोह, पळस, तेंदू वाढलेत. ती तशीच राखायची इच्छा आहे. संस्थेला दान दिली तर आयकरात फायदा होईल का? अमेरिकेतला माझा भाऊ म्हणतो, तिकडे होतो.

उत्तर:

नाही होत. जमिनीची ८०जी पावती फाडून देतो म्हणणारी संस्था भेटली तर चहा प्या आणि निघा.

८०जी फक्त पैशाच्या देणगीला. जमीन, धान्य, जुनी गाडी, वस्तुरूपात काहीही दिलं की वजावट शून्य. पैसाही रोख असेल तर २,००० रुपयांपर्यंतच, आणि तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर तेवढंही नाही.

इतकं ठासून सांगतो, कारण याच मुद्द्यावर मी एका संस्थेत भांडलोय. कोषागारातून निवृत्त झाल्यावर नागपुरातल्या एका लहानशा निसर्गसंस्थेचा कोषाध्यक्ष होतो. भिवापूरकडचे एक गुरुजी आले. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या काठाला त्यांची जमीन, मोहाची मोठी झाडं. पोरं पुण्याला, विकून मोकळे व्हा म्हणणारी. गुरुजींना विकायची नव्हती. अध्यक्षांनी वार्षिक सभेत शाल-नारळ दिला आणि माइकवरच जाहीर केलं, "गुरुजींना रेडी रेकनरच्या भावानं ८०जीची पावती देऊ." पावतीपुस्तक माझ्या मांडीवर. मी आधी कानात सांगितलं, मग उभं राहून सांगितलं, की असं करता येत नाही. उत्तर आलं, "काहून अपशकुन करता भाऊ, चांगलं काम होऊन राहिलं तर!"

पुढे मेमध्ये १०बीडी भरायला बसलो. देणगीदारांची यादी असते ती, ३१ मेच्या आत जाते. उशीर झाला तर रोजचे २०० रुपये. त्यात देणगी कशी आली याचा एक रकाना आहे: रोख, वस्तुरूप, चेक किंवा ऑनलाइन, इतर. अध्यक्षांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे पाहा, वस्तुरूप. सरकारनंच खाना ठेवला आहे, तुम्हीच अडवता." अहो, तो खाना माहिती द्यायला आहे, वजावट द्यायला नाही! पण बाबू लोकांना अडवण्याशिवाय काही येत नाही, हे त्यांचं मत ठरलेलं. पावती त्यांच्याच सहीने गेली. गुरुजींनी वजावट दाखवली, रिफंड घेतला, आणि मग खात्याचा मेल आला. पेन्शनमधून कर व्याजासकट परत भरला त्यांनी. आम्हाला एक शब्द बोलले नाहीत, पण संस्थेत पुन्हा आलेही नाहीत.

गंमत पुढे आहे. जमीन संस्थेच्या नावावर झालीच नाही. संस्था शेतकरी नसते. विदर्भाला १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे, त्यात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन द्यायची तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. शिवाय बक्षीसपत्राला २०० रुपयांची मुद्रांक सवलत आहे ती नवरा-बायको, मुलं, नातवंडं अशा घरच्यांना; संस्थेला पूर्ण मुद्रांक. हे सभेत कोणी विचारलंच नाही. म्हणजे न मिळालेल्या जमिनीची पावती आम्ही दिली होती.

तुमच्या भावाचंही खरं आहे. अमेरिकेत जमीन स्वतःकडेच ठेवून तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क कायमचा सोडता येतो. त्याने जमिनीची किंमत जेवढी पडते ती दान धरली जाते. उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत वजावट, उरलेली पुढची १५ वर्षं. तिथेही गुंतवणूकदारांनी टोळ्या करून फुगवलेली मूल्यांकनं लावली, म्हणून २०२२ मध्ये कायदा आवळावा लागला. आपल्याकडे असं काही नाहीच. आयकर कायद्यात पाणलोट, वनं, वन्यजीव यांचं जतन धर्मादाय हेतू मानलंय, पण त्याचा फायदा संस्थेला, जमीन राखणाऱ्याला नाही. उलट नागपूर मनपाच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरपलीकडची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही (जवळच्या नगरपालिकेचं अंतरही बघा). विकणाऱ्याला माफी, राखणाऱ्याला ठेंगा. मला हे संतापजनक वाटतं.

मी तुमच्या जागी असतो तर जमीन नावावरच ठेवली असती. संस्थेशी देखभालीचा साधा करार करा आणि तारेच्या कुंपणाला, रखवालदाराला लागणारा पैसा तिला चेकने द्या. त्याची ८०जी मिळते, बहुधा निम्म्या रकमेची, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. फार नाही, पण खरी. वन्यजीव कायद्यात खासगी जमीन मालकाच्या इच्छेने कम्युनिटी रिझर्व्ह करायची सोयही आहे, करसवलत मात्र त्यात नाही.

तरीही जमीन द्यायचीच असेल तर संस्थेचा १२एबीचा, म्हणजे करमाफीच्या नोंदणीचा आदेश मागा आणि मुदत बघा. नोंदणी साधारण ५ वर्षांची, लहान संस्थांना आता १० वर्षांची. नूतनीकरणाचा अर्ज राहिला तर संस्थेच्या मालमत्तेच्या बाजारभावावर, देणी वजा करून, सर्वात वरच्या दराने कर लागू शकतो. म्हणजे तुमची मोहाची झाडं एका न भरलेल्या फॉर्मपायी विक्रीला. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीने विश्वस्त जमीन विकूही शकतात, हेही लक्षात ठेवा.

दोन गोष्टी राहिल्या. सातबाऱ्यावर झुडपी जंगलाची नोंद आहे का बघा. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते वनच आहे. आणि मी कलमं जुन्या १९६१ च्या कायद्यातली लिहिलीत, १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू, तेव्हा आकडे सीएकडून जुळवून घ्या.

मी त्या पावतीनंतर राजीनामा दिला. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज टाकायचा असतो. अध्यक्षांनी तो टाकलेला नाही, त्यामुळे धर्मादाय कार्यालयात कोषाध्यक्ष म्हणून अजून माझंच नाव आहे.