मूळ गाव विटा, गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यामुळे लुधियानात असतो. मुलीचं नाव 'हरप्रीत' ठेवलं तर चालेल का?

खुशाल ठेवा, फक्त मागे 'कौर' लावू नका. ती शिखांच्या खालसा परंपरेची ओळख आहे, हौसेखातर घेऊ नये. आमचीही भावकी गलाईमुळे पंजाबात आहे, त्यामुळे हे जवळून पाहिलंय. 'हरप्रीत' नावाची अडचण आलीच तर ती पंजाबात नाही, इकडे गावी येईल. कारण बरीचशी शीख नावं मुलग्याला आणि मुलीला एकच असतात, फरक सिंग-कौरवरून कळतो. तुमच्याकडे पुढे वडिलांचं नाव आणि आडनाव लागणार, म्हणजे विट्याच्या शाळेत गुरुजी तिला मुलग्यांच्या यादीत टाकणार! ते नको असेल तर 'सिमरन' बघा. तेही दोघांना चालतं, पण आपल्याकडे मुलीचंच समजतात. नाव ठरत नसेल तरी जन्मनोंद २१ दिवसांत करा, नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं.