ग्रीडी पद्धतीचे उत्तर ताडून कसे पाहावे?

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये दोन लेथ मशीन आहेत. उरलेल्या कामांपैकी सर्वांत मोठे काम उचलायचे आणि जे मशीन आधी मोकळे होईल त्यावर चढवायचे, असा ग्रीडी पद्धतीचा, म्हणजे प्रत्येक पायरीला त्या क्षणी सर्वांत चांगली दिसणारी निवड करत जाणारा, प्रोग्राम मी लिहिला आहे. त्याने दिलेल्या वाटणीपेक्षा कमी वेळाची वाटणी शक्यच नाही, हे सगळ्या शक्यता न तपासता कळेल का?

उत्तर : बरेचदा कळते, हमखास मात्र नाही. समजा 3, 3, 2, 2 आणि 2 तासांची पाच कामे आहेत. आपला प्रोग्राम दोन्ही मशीनवर 3-3 तासांचे एकेक काम लावील, मग दोन-दोन तासांची उरलेली तीन वाटील आणि सगळे उरकायला 7 तास लागतील. प्रत्यक्षात दोन्ही मोठी कामे एकाच मशीनवर दिली, तर 6 तासांतच काम आटोपते. एकूण 12 तासांचे काम दोन मशीनवर 6 तासांच्या आत होणारच नाही, म्हणून ही वाटणी सर्वोत्तम ठरते. अमेरिकी गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांनी 1969 साली दाखवले की, दोन मशीनसाठी ही रीत सर्वोत्तम वेळेच्या सात-षष्ठांशाहून अधिक वेळ कधीच घेत नाही. वरचे उदाहरण नेमके त्याच टोकाचे आहे.

तेव्हा उत्तराकडे पाहत बसण्याऐवजी खालची मर्यादा, म्हणजे ज्याहून कमी वेळ लागूच शकत नाही असा आकडा, काढावी. उत्तर तिला टेकले, तर पुढे तपासण्यासारखे काही राहत नाही. न टेकल्यास मात्र उत्तर चुकीचे ठरत नाही, आणि घोळ होतो तो इथेच. चार-चार तासांची तीन कामे घ्या : सरासरी 6 तास येते, पण कोणत्या तरी मशीनवर दोन कामे पडणारच, म्हणून खरी मर्यादा 8 आहे आणि ग्रीडी रीतही 8 च देते.

कामांची अशी वाटणी हा प्रश्न एनपी-कठीण आहे, म्हणजे प्रत्येक वेळी झटपट अचूक उत्तर देणारी रीत त्यासाठी आजवर सापडलेली नाही. तरीही आपली कामे पूर्ण तासांत मोजलेली असतील, तर काही कामे निवडून कोणकोणत्या बेरजा साधतात त्यांची यादी करावी. शून्यापासून सुरुवात करून प्रत्येक कामाचे तास आधीच्या सर्व बेरजांत मिळवत जावे आणि दुबार आलेली बेरीज एकदाच ठेवावी. एकूण काम 400 तासांचे असले, तरी यादी 401 नोंदींपलीकडे जात नाही. 200 किंवा त्याच्या लगेच वरची बेरीज हेच सर्वोत्तम उत्तर. मशीनची संख्या वाढली की ही यादी झपाट्याने फुगते. अशा वेळी उत्तर 41 तास आणि मर्यादा 40 तास असेल, तर जादा वेळ अडीच टक्क्यांहून अधिक नाही, एवढे छातीठोकपणे सांगता येते, आणि वर्कशॉपच्या कामाला माझ्या मते तेवढे पुरते.