ट्रिगर अडकतोय, आतून घासून घेऊ का?

प्रश्न : आमचं शेत पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. रानडुकरांचा लई त्रास म्हणून मागच्या वर्षी जुनी बारा बोअर डबल बॅरल घेतली, घोडे आतले, दोन ट्रिगर. लायसनवर नोंद झालेली आहे. पावसाळ्यापासून पुढचा ट्रिगर ओढला की मागंच राहतो, बोटानं पुढं ढकलावा लागतो. एकदा तर उजवी नळी उडवली तशी डावी पण लगेच उडाली. गावातला लेथवाला म्हणतोय आतली खाच कानशीनं जरा घासून देतो, चाप हलका होईल. द्यावी का त्याच्याकडं?

उत्तर : अजिबात देऊ नका. आणि दोन्ही नळ्या एकदम उडाल्यात ना, मग दुरुस्ती होईस्तोवर त्यात काडतूस घालायचं नाही, एकच भरून वापरतो असं पण नको.

तुम्ही पुढच्या ट्रिगरचं विचारलंय पण मला मागच्याची जास्त काळजी वाटतेय. पुढचा ट्रिगर सहसा उजव्या नळीचा असतो, मागचा डाव्या नळीचा. घोडा म्हणजे ठोका मारून काडतूस उडवणारा भाग, तो चढला की त्याच्या खाचेत सीअर नावाचा छोटा आकडा अडकून बसतो, ट्रिगर ओढला की तो खाचेतून सुटतो आणि घोडा पडतो, एवढाच सगळा खेळ. आता उजवी नळी उडाल्याच्या धक्क्यानं डावी सुटत असेल तर तिकडची खाच किंवा सीअरचं टोक झिजलंय, नाहीतर तिथं घाण बसून पकड अर्धीच राहतेय. धक्क्यात बोट मागच्या ट्रिगरवर घसरून पण असं होतं, पण ते तपासल्याशिवाय धरून चालायचं नाही. जिथं पकड आधीच कमी आहे तिथंच कानस मारली तर उद्या बंदूक नुसती आपटली तरी उडेल. सेफ्टी आहे की, असं म्हणाल, तर या साध्या बंदुकांत सेफ्टी बहुतेक वेळा फक्त ट्रिगर अडवते, घोड्याला धरत नाही.

चांगल्या बंदुकीचा पुढचा ट्रिगर साधारण ३.५ ते ४ पौंडाला सुटतो, मागचा थोडा जड. हलका चाप बरा वाटतो खरा पण रात्री चिखलात, बॅटरी तोंडात धरून चालणाऱ्या माणसाच्या हातात तो नकोच.

पुढचा ट्रिगर परत येत नाही त्याचं कारण बहुधा साधं निघेल. तुमच्याकडच्या पावसात दस्त्याचं लाकूड फुगतं आणि ट्रिगरला दाबून धरतं, किंवा आतलं जुनं तेल चिकट झालेलं असतं. ट्रिगरची स्प्रिंग थकलेली असू शकते, खालचं गार्ड वाकून घासत पण असेल. बरेचजण खोबरेल तेल घालतात, ते २४ अंशाच्या खाली गोठायला लागतं, म्हणजे थंडीत आत लोणीच. ट्रिगरच्या फटीतनं स्प्रे मारू नका, तो लाकडात मुरतो आणि दस्ता तिथं मऊ पडतो. स्वतः स्क्रू पण खोलू नका, त्या बारीक खाचांना घरचा स्क्रूड्रायव्हर बसत नाही आणि एकदा खाच गेली की कारागीर पण हात टेकतो.

दुसरं म्हणजे शस्त्र कायदा १९५९ प्रमाणं हत्यार दुरुस्तीचा धंदा करायलाच परवाना लागतो, लेथवाल्याकडं तो नसणार, मग तुम्ही पण अडचणीत. साताऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याचं काम बघतात तिथं परवानाधारक दुरुस्तीवाला कोण ते विचारा. नेताना बंदूक रिकामी, कव्हरमध्ये, लायसन सोबत, आणि ठेवून आलात तर बंदुकीच्या नंबरासकट पावती घ्या.

त्याला नुसतं ट्रिगर अडकतो असं सांगू नका. दोन्ही नळ्या एकदम उडाल्या हे आधी सांगा, दोन्ही सीअर आणि खाचा बघायला लावा, आणि परत घेताना डमी (बिनदारूचं) काडतूस घालून त्याच्यासमोर दोन्ही बाजू तपासून घ्या. डावी सुटतेच आहे असं दिसलं तर खाच घासून भागवू नका, झिजलेला पार्ट बदलूनच घ्या, खर्च जास्त आला तरी.