ब्राझीलमधल्या साओ रोके दे मिनासला जाताय?
रिओ-साओ पावलो सोडून थेट कानास्त्राच्या डोंगरात, म्हणजे निवड झकास आहे. पण आधी पीतज्वराची लस. किमान 10 दिवस अगोदर घ्या आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड जपून ठेवा, नाहीतर परतताना भारतातल्या विमानतळावर अडकाल.

मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ. पावसाळ्यात मातीच्या रस्त्यांचा चिखल होतो. बेलो होरिझोंते शहरातून गाडी भाड्याने घ्या, शक्यतो उंच चाकांची.

गावात बघायचं काय, असं विचाराल तर फारसं काही नाही, आणि तेच बरं. सकाळी लवकर एखाद्या चीज करणाऱ्या शेतकऱ्याकडे जा, अर्थात आधी विचारून. कच्च्या दुधात आदल्या दिवशीच्या चीजमधून निथळलेलं पाणी घालतात, त्याला 'पिंगू' म्हणतात. आपलं विरजणच की! गोठ्यात लांब कानांची गाय दिसली तर दचकू नका. तिचे पूर्वज गुजरातच्या गीरमधून गेलेले. यजमानाला हे सांगा, गप्पा आपोआप रंगतात.

शाकाहारी असाल तर राजम्यासारख्या उसळीतही डुकराचं मांस असू शकतं, प्रत्येक वेळी विचारा. पाव दि केजू, म्हणजे चीजचा छोटा पाव, बिनमांसाचा असतो, पण त्यात सहसा अंडं असतं.

इंग्रजीवर विसंबू नका. सकाळी रस्त्यात भेटेल त्याला 'बोम जिया' (शुभ सकाळ) म्हणा. रोख रक्कम जवळ ठेवा, रविवारी दुकानं उघडी असतील असं धरून चालू नका. आणि 186 मीटरचा कास्का दांता धबधबा? त्याला अख्खा दिवस द्या.