बेंच प्रेसला सपोर्ट देणाऱ्याने नेमका किती हात लावायचा?

तुम्ही लिहिलंय की जिममध्ये बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं झोपून बार छातीपासून वर ढकलताना, तुमचा आतेभाऊ सपोर्ट देतो, पण ६० किलोच्या बेंचला पहिल्या रेपपासून (रेप म्हणजे बार एकदा खाली आणून वर नेणं) तो बार धरूनच असतो. "सोड" म्हटलं की "पडला म्हंजे?" म्हणतो. मग किती मदत करायची?

बार वर जातोय तोवर काहीच करायची नाही. बार थांबला तर तो परत हलेल एवढीच. आणि बार खाली यायला लागला, तर सगळाच्या सगळा काढून घ्यायचा. उत्तर एवढंच आहे, पण ते पटायला मला सहा वर्षं आणि एक स्पर्धा लागली, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सोलापूरचा. अशोक चौकाच्या मागं एका तळघरातल्या जिममध्ये सुरुवात केली. निम्मी पोरं यंत्रमागावर काम करणारी, पाळी संपली की यायची. तिथं 'स्पॉटर' असं कुणी म्हणत नव्हतं. "अण्णा, जरा सपोर्ट दे की," एवढंच. मला वाटतं घोटाळा या शब्दापासूनच होतो. सपोर्ट म्हटलं की टेकू द्यावासा वाटतो. खरं हे काम राखणीचं आहे. ज्वारीच्या राखणीला बसलेला माणूस उगाच कणसाला हात लावत नाही, आणि पाखरावरची नजरही काढत नाही.

माझा जोडीदार जिवाभावाचा होता. वर्षभर त्याच्या हाताखाली मी ८० किलोचे सहा-सहा रेप मारायचो आणि तो डोक्याशी उभा राहून ओरडायचा, "तुझंच आहे, तुझंच आहे, मार!" त्या जोरावर मी जिल्ह्याच्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत नाव दिलं आणि पहिला प्रयत्न ८० चा लिहिला. तिथं नियम असा, की पंचाने सुरुवातीचा इशारा दिल्यानंतर मदतनिसाचा हात बारला लागून लिफ्टला मदत झाली, तर ती लिफ्ट बाद. बार छातीवर आला, थांबला, पंच म्हणाले, "प्रेस." बार हललाच नाही. दोन्ही टोकांच्या पोरांनी तो उचलून घेतला. लाल दिवे, म्हणजे लिफ्ट बाद. एकदा सांगितलेलं वजन पुढच्या प्रयत्नात कमी करता येत नाही, त्यामुळे उरलेले दोन्ही प्रयत्न ८० वरच गेले आणि तेही तसेच. एकही बेंच न बसल्यामुळे स्पर्धेतल्या तिन्ही प्रकारांची एकूण बेरीजच झाली नाही, स्पर्धेतून बाहेर.

घरी येऊन मोबाईलमधला जुना व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्यात माझ्या छातीकडे न बघता पहिल्यांदाच त्याच्या हातांकडे बघितलं. दुसऱ्याच रेपपासून त्याच्या मनगटाजवळच्या शिरा फुगलेल्या, गुडघे थोडे वाकलेले, आणि बार वर जाताना पाठ सरळ होत होती. माझ्या बेंचबरोबर त्याचीही पाठ काम करत होती. दुसऱ्या आठवड्यात कुणाचा हात न लावता मारून बघितलं, तर ६७.५ वर अडकलो. वर्षभर वहीत लिहिलेला प्रत्येक आकडा खोटा होता. फसवायचं त्याच्या मनात कधीच नव्हतं. त्याला माझी काळजी होती, जशी तुमच्या भावाला तुमची आहे.

आता हिशोब बघा. बार २० चा, दोन्ही बाजूला २०-२०, झाले ६०. समजा आठव्या रेपला तुमच्यात ५७ चाच जोर शिल्लक आहे. कमी पडतात ३ किलो. भावाने ४ किलो उचलले की बार रडत-कुढत का होईना वर जातो, आणि बाकीचे ५६ तुम्हीच ढकलता. त्याने १५ उचलले तर तुमच्या वाट्याला राहिले ४५, म्हणजे तुमचं वॉर्मअपचं वजन. ज्या रेपसाठी सगळा सेट (सलग मारलेले रेप) मारला, तोच वाया गेला. चार-पाच किलो म्हणजे हाताला किती लागतात हे त्याला कळावं म्हणून ५ किलोची प्लेट दोन्ही हातांच्या फक्त बोटांवर उचलून बघायला सांगा. मूठ आवळावी लागत नाही. तेवढाच जोर, आणि तोही बार थांबल्यावर.

थांबणं आणि हळू जाणं यातला फरक त्याला डोळ्यांनी शिकावा लागेल. बेंचला बार बहुतेकदा छातीपासून चार-सहा बोटं वर रेंगाळतो, कोपर थरथरतात, तोंड लाल होतं. बघणाऱ्याला धडकी भरते. पण बार केसभर जरी वर सरकत असला तरी तो रेप मारणाऱ्याचा आहे, हात आवरायचा. पूर्ण थांबला, की दोन्ही हात एकाच वेळी, मध्यापासून सारख्या अंतरावर लावायचे. एका हाताने जास्त ओढलं तर बार तिरका होतो आणि सगळा भार एका खांद्यावर जातो. झटका द्यायचा नाही. आणि असा मदतीचा एक रेप झाला की सेट संपला. तो रेप वहीत मोजायचा नाही, यावर मी आजही अडून बसतो.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. हात लावायचा नाही म्हणजे आरशात बघत उभं राहायचं, असं नाही. आमच्याकडं एकदा सपोर्ट देणाऱ्याने नुसती मान वळवली, कुणीतरी हाक मारली म्हणून. तेवढ्यात खालच्या पोराच्या हातातून बार निसटून छातीवर आपटला. मे महिन्यातली दुपार, बाहेर पारा ४० च्या वर, तळघरात पंखा, तळहात घामाने ओले, आणि त्याने अंगठा बारभोवती न घेता नुसत्या तळव्यावर बार ठेवला होता. छातीवर निभावलं. तोच बार गळ्यावर आला तर माणूस जातो, अशी माणसं खरंच गेली आहेत. म्हणून अंगठा वळलेलाच पाहिजे, हात पुसायला नॅपकिन पाहिजे, आणि मागच्या माणसाचे हात बारच्या चार बोटं खाली, बारला न लागता, उघडे, बार जाईल तिकडे जाणारे. "घे" हा शब्द ऐकला की विचार न करता, बोटांनी नाही, पूर्ण मुठीने बार घ्यायचा. तिथं किलो मोजत बसायचं नाही.

रॅकवरून बार काढून देताना आणि परत ठेवताना मात्र मनमोकळी मदत करावी. देताना "घेतला" असं ऐकल्याशिवाय सोडू नये. ठेवताना दोन्ही बाजू हुकात बसल्या का ते डोळ्यांनी बघावं. थकलेला माणूस एक बाजू हुकात आणि दुसरी हवेत सोडतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

बाकीच्या व्यायामांचं थोडक्यात. डंबेल प्रेसला कोपराला नाही, मनगटाजवळ आधार द्या, नाहीतर कोपर मिटून डंबेल तोंडावर येतं. स्क्वाटला, म्हणजे खांद्यावर बार घेऊन उठबस करताना, सपोर्टला तुम्ही एकटेच असाल तर मागून काखेखाली हात घालून छातीला आधार द्या. बार मागून ओढाल तर माणूस पुढं तोंडावर जाईल. वजन जास्त असेल तर दोन्ही टोकांना दोघं, आणि दोघांनी एकदमच उचलायचं. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलून उभं राहायला, कुणीच नको. वेटलिफ्टिंगमधल्या, बार डोक्यावर न्यायच्या स्नॅच, क्लीन अँड जर्कलाही कुणी नको, तिथं नाही जमलं की बार टाकून बाजूला व्हायचं असतं. आपल्या सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य मिळवलं, तेव्हा क्लीन अँड जर्कमध्ये त्याचं कोपर दुखावलं. त्या क्षणी मंचावर बारखाली तो एकटाच होता.

आणि जिममध्ये कुणीच नसेल, तर बेंचला प्लेट सरकू नये म्हणून लावतात ती क्लिप लावू नका. अडकलात तर बार एका बाजूला कलता करून प्लेट सांडता येतात. आवाज होईल, होऊ द्या.

भावाला समजावताना वाद घालू नका. सेटच्या आधी दोनच गोष्टी बोलून घ्या: किती रेप मारणार आहात, आणि कुठल्या शब्दावर त्याने हात घालायचा. मग एक दिवस त्याला बेंचवर झोपवा, त्याला झेपेल असं वजन लावा, आणि तुम्ही त्याच्या डोक्याशी उभे राहून पहिला सेट तो देतो तसाच द्या, पहिल्या रेपपासून बार धरून. तीन-चार मिनिटं बसू द्या, दम खाऊ द्या. दुसऱ्या सेटला बार त्याच्या हातात द्या, "घेतला" म्हणू द्या, आणि हात चार बोटं खाली नेऊन थांबा. पाचव्या-सहाव्या रेपला त्याचे कोपर थरथरतील, तो वर तुमच्याकडे बघेल. बार हलतोय तोवर थांबूनच राहा.